दहा ग्रॅम तुरटीत किती मोल, किती अणू?

अकरावीतल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे, तो थोडक्यात असा: "मॅडम, घरातला तुरटीचा १० ग्रॅमचा खडा घेऊन त्यात किती मोल आणि ऑक्सिजनचे किती अणू ते काढलं. मला ०.०३८८ मोल आणि १.८७ × १०^२३ अणू मिळाले. मैत्रिणीला ०.०२११ मोल मिळाले. दादाच्या जुन्या पुस्तकातलं सूत्र वापरलं तर ०.०१०५ मोल येतात. बरोबर कुणाचं? शिवाय आजी पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवते, तेव्हा पाण्यात किती ॲल्युमिनिअम जातं, तेही काढता येईल का? हंडा १५ लिटरचा. खडा आधी ६४.२ ग्रॅम होता, फिरवून वाळवल्यावर ६३.३ ग्रॅम भरला."

तुझं उत्तर चुकलं आहे. मैत्रिणीचं बरोबर आहे. आणि दादाच्या पुस्तकातल्या सूत्राने आलेलंही बरोबर आहे. एकाच खड्याची दोन वेगळी उत्तरं बरोबर कशी, हे नीट कळलं की मोल हा विषय कायमचा सुटतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे ६.०२२ × १०^२३ घटक; याच आकड्याला ॲव्होगॅड्रो अंक म्हणतात. (^ या चिन्हानंतरचा आकडा घात समजायचा.)

आधी तुझी चूक. तू १० ला २५८ ने भागलंस, हे ०.०३८८ वरून लगेच कळतं. २५८ हे तुरटीच्या सूत्राच्या फक्त पहिल्या भागाचं वस्तुमान आहे. वर्गात आपण तुरटीचं सूत्र कसं वाचतो ते आठव: के, ए-एल, कंसात एस-ओ-फोर, कंसाबाहेर दोन, मग टिंब, मग बारा एच-टू-ओ. त्या टिंबापाशी तू थांबलीस. टिंबाच्या पुढचं पाणी म्हणजे खड्यावर बाहेरून चिकटलेला ओलावा, असं समजून तू ते सोडून दिलंस. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या वह्यांत दरवर्षी हीच चूक सगळ्यात जास्त असते. दुसरी चूक म्हणजे टिंबाला गुणाकाराचं चिन्ह समजून २५८ ला पाण्याच्या वस्तुमानाने गुणणं. हे टिंब गुणाकाराचं नाही. त्याचा अर्थ "आणि त्यासोबत" एवढाच.

ते पाणी स्फटिकजल आहे. खडा कोरडा ठणठणीत असतो, हाताला ओल लागत नाही, तरी त्याच्या वजनातलं जवळजवळ निम्मं पाणीच असतं. स्फटिकाच्या रचनेत प्रत्येक पोटॅशिअम आणि ॲल्युमिनिअममागे पाण्याचे बारा रेणू ठरलेल्या जागी बसलेले असतात. वजनकाट्यावर तू जे १० ग्रॅम ठेवलेस त्यात ते पाणीही आलं. मग भागायच्या आकड्यात ते यायलाच हवं.

आता हिशोब. अणुवस्तुमानं पूर्णांकात घेऊ: पोटॅशिअम ३९, ॲल्युमिनिअम २७, गंधक ३२, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १.

पोटॅशिअम एक: ३९
ॲल्युमिनिअम एक: २७
सल्फेट दोन: २ × (३२ + ६४) = १९२
पाणी बारा: १२ × १८ = २१६
एकूण: ४७४

पहिल्या तीन ओळींची बेरीज २५८, तिथेच तू थांबली होतीस. एक मोल तुरटी म्हणजे ४७४ ग्रॅम, अर्ध्या किलोला थोडीशी कमी. १० ÷ ४७४ = ०.०२११ मोल. मैत्रिणीचं उत्तर हेच.

अणू मोजायला मी वर्गात ओटीचं उदाहरण देते. नवरात्रात देवळात ओट्यांची रास पडते, तशी कल्पना कर. प्रत्येक ओटी अगदी सारखी बांधलेली: एक नारळ, एक खण, दोन मोठ्या पुड्या आणि बारा चिमुकल्या पुड्या. मोठ्या पुडीत एक हळकुंड आणि चार बदाम. चिमुकल्या पुडीत एक बदाम आणि तांदळाचे दोन दाणे. नारळ म्हणजे पोटॅशिअम, खण म्हणजे ॲल्युमिनिअम, हळकुंड गंधक, बदाम ऑक्सिजन आणि तांदूळ हायड्रोजन. एका ओटीत बदाम किती? मोठ्या पुड्यांतले आठ, चिमुकल्या पुड्यांतले बारा, मिळून वीस. तू आठच मोजलेस. तांदळाचे दाणे चोवीस, हळकुंडं दोन, नारळ एक, खण एक. एका ओटीत एकूण ४८ वस्तू.

तर १० ग्रॅम तुरटीत "ओट्या" किती? ०.०२११ मोल म्हणजे ०.०२११ × ६.०२२ × १०^२३ = १.२७ × १०^२२. ऑक्सिजनचे अणू याच्या वीसपट, म्हणजे २.५४ × १०^२३. हायड्रोजनचे चोवीसपट, ३.०५ × १०^२३. गंधकाचे दुप्पट, २.५४ × १०^२२. पोटॅशिअम आणि ॲल्युमिनिअम प्रत्येकी १.२७ × १०^२२. सगळे मिळून ४८ पट, म्हणजे ६.१० × १०^२३.

या शेवटच्या आकड्यापाशी जरा थांब. तो ॲव्होगॅड्रो अंकापेक्षा किंचित जास्त आहे. म्हणजे तुझ्या तळहातावरच्या १० ग्रॅमच्या खड्यात तुरटीचा मोल पन्नासावा हिस्सासुद्धा जेमतेम आहे, पण अणूंचा मात्र पुरता एक मोल आहे. मला हे दरवेळी विलक्षण वाटतं. "या खड्यात किती मोल?" असं कुणी विचारलं तर "कशाचे?" असा उलट प्रश्न आधी विचारायचा.

दादाच्या पुस्तकाचं कोडंही याच प्रश्नाने सुटतं. जुन्या पुस्तकांत तुरटी हे दोन क्षारांचं जोडपं म्हणून लिहितात: एक पोटॅशिअम सल्फेट, एक ॲल्युमिनिअम सल्फेट (ज्यात ॲल्युमिनिअम दोन आणि सल्फेट तीन) आणि चोवीस पाणी. या सूत्राचं वस्तुमान ९४८ येतं, म्हणजे ४७४ च्या बरोबर दुप्पट. पुस्तकाने दोन ओट्या एकत्र बांधून त्यांना "एक" म्हटलं, एवढंच. १० ÷ ९४८ = ०.०१०५ मोल. पण या जोडओटीत बदाम आहेत ४ + १२ + २४ = ४०. ऑक्सिजनचे अणू काढ: ०.०१०५५ × ४० × ६.०२२ × १०^२३ = २.५४ × १०^२३. तोच आकडा. सूत्र कसं लिहिलं त्यावर मोलांची संख्या बदलते, अणूंची बदलत नाही, कारण अणू खड्यात आहेत आणि सूत्र कागदावर. परीक्षेत मात्र प्रश्नात जे सूत्र दिलं असेल तेच धरायचं, आणि दिलं नसेल तर आपण कोणतं धरलं ते पहिल्या ओळीत लिहायचं.

मोलाची आंतरराष्ट्रीय व्याख्याही हेच सांगते. २० मे २०१९ पासून एक मोल म्हणजे ६.०२२१४०७६ × १०^२३ इतके घटक, हा आकडा पक्का ठरवलेला आहे. त्याआधी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितका मोल, अशी व्याख्या होती आणि आकडा प्रयोगाने काढावा लागे. दोन्ही व्याख्यांत एक अट कायम राहिली: घटक कोणता ते सांगितलंच पाहिजे. अणू, रेणू, आयन (म्हणजे प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट), इलेक्ट्रॉन, काहीही असो, पण नाव घ्यायचं.

आणखी एक बारकावा. तुरटीला "रेणुवस्तुमान" म्हणायची सवय आपल्याला लागली आहे, पण तुरटीचा सुटा रेणू नसतो. स्फटिकात आयन आणि पाणी यांची अखंड मांडणी असते. "सूत्रवस्तुमान" हा शब्द जास्त बरोबर. मी पेपर तपासताना यासाठी गुण कापत नाही, पण शब्द योग्य वापरला की विचारही नीट होतो.

आता ताळा. तो करायची सवय मी मुलांना हट्टाने लावते. ०.०२१०९७ मोलांतल्या प्रत्येक मूलद्रव्याचं वजन काढायचं: पोटॅशिअम ०.८२३, ॲल्युमिनिअम ०.५७०, गंधक १.३५०, ऑक्सिजन ६.७५१, हायड्रोजन ०.५०६ ग्रॅम. बेरीज १०.००० यायलाच हवी, आणि येते. तुझ्या पद्धतीने पाणी सोडूनही बेरीज १० च येईल, म्हणून ताळा सूत्रातली चूक पकडत नाही, आकडेमोडीतली पकडतो. सूत्र बरोबर आहे का, हे तपासायला प्रत्यक्ष प्रयोगच करावा लागतो.

तो प्रयोग आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. तव्यावर तुरटी ठेवून तिची लाही करतात ना, तोच. प्रयोगशाळेत आम्ही चिनी मातीच्या मुशीत करतो, कारण तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं आणि लोखंडाला खातं, वजनात घोळ होतो. खडा तापला की आधी कडा ओलसर दिसतात, मग साधारण ९२ अंश सेल्सिअसला तो आपल्याच पाण्यात विरघळून पातळ होतो. पाण्याचा थेंबही घातलेला नसतो आणि मुशीत पाण्यासारखा द्रव खदखदतो. पहिल्यांदा बघणारी मुलं हमखास विचारतात, "मॅडम, हे पाणी आलं कुठून?" मग वाफा सुटतात, द्रव दाट होतो, बुडबुडे मोठे आणि चिवट होतात, आणि शेवटी पांढरा, सच्छिद्र, भुसभुशीत फुगा मुशीच्या वर येतो. हलका इतका की फुंकर मारली तर कण उडावेत.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीने २०.० ग्रॅम तुरटी घेतली. लाही ११.३ ग्रॅम भरली. गेलेलं पाणी ८.७ ग्रॅम, म्हणजे ८.७ ÷ १८ = ०.४८३ मोल. उरलेली कोरडी तुरटी ११.३ ÷ २५८ = ०.०४३८ मोल. एकाला दुसऱ्याने भागलं तर ११.०. तिने वहीत "११" लिहिलं, मग पुस्तकात पाहून खोडून "१२" केलं. मी तिला खोडलेला आकडा परत लिहायला लावला, कारण तिने जे मोजलं होतं ते अकराच होतं. मग मूस पुन्हा तापवली, शोषकपात्रात (हवेतला ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) थंड केली, वजन केलं. पुन्हा तापवली, पुन्हा वजन. लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत. शेवटी १०.९ ग्रॅमवर वजन थांबलं. आता पाणी ९.१ ÷ १८ = ०.५०६ मोल, कोरडी तुरटी १०.९ ÷ २५८ = ०.०४२२ मोल, गुणोत्तर ११.९७. सूत्रातला बारा हा आकडा तिने स्वतःच्या हाताने मिळवला. फुग्याच्या आत अडकलेलं पाणी पहिल्या खेपेला निघालंच नव्हतं, एवढाच घोटाळा होता. मात्र आच फार मोठी ठेवू नये. अती तापवलं तर सल्फेटच फुटायला लागतं, घशाला झोंबणारा वायू येतो, वजन गरजेपेक्षा खाली जातं आणि गुणोत्तर बाराच्या वर सरकतं.

एक शंका तुझ्या मनात आली नसेल, पण मला सांगावीशी वाटते. किराणा दुकानात "तुरटी" म्हणून मिळणारा खडा पोटॅशची तुरटी असेलच असं नाही. अमोनियाची तुरटीही त्याच नावाने विकली जाते, दिसायलाही तशीच. तिच्यात पोटॅशिअमच्या जागी अमोनियम असतं, सूत्रवस्तुमान ४५३ आणि एका सूत्रात अणू ५२. ओळखायची रीत सोपी आहे: तुरटीची चिमूटभर पूड ओली करून पानाच्या चुन्यात कालवायची आणि हाताने हवा नाकाकडे ओढून हलकेच वास घ्यायचा. अमोनियाचा उग्र वास आला तर समजायचं. तुझा खडा तसा निघाला तर १० ग्रॅमचे ०.०२२१ मोल होतील आणि ऑक्सिजनचे अणू २.६६ × १०^२३. फरक पाच टक्क्यांच्या आतला आहे, पण फरक आहे. पाणीपुरवठा केंद्रांत वापरतात त्या "तुरटी"त तर पोटॅशिअम नसतंच, ते ॲल्युमिनिअम सल्फेट असतं आणि त्यात पाण्याचं प्रमाणही कमीजास्त असतं. तिथले लोक म्हणून मोलांपेक्षा "यात ॲल्युमिनिअम किती टक्के" हाच आकडा मागतात.

वजनकाट्याबद्दलही दोन शब्द. घरचा काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल, तर त्याचा "१०" म्हणजे ९.५ ते १०.५ मधलं काहीही. मोल मग ०.०२०० ते ०.०२२२ च्या दरम्यान कुठेही. अशा वेळी उत्तर ०.०२१ एवढंच लिहावं. कॅल्क्युलेटरवर ०.०२१०९७०४६ दिसलं म्हणून ते सगळं उतरवणं म्हणजे आपण जे मोजलंच नाही ते मोजलं असं सांगणं. हंड्याच्या प्रयोगात तू दशांशापर्यंत वजनं दिली आहेस, म्हणजे काटा बरा आहे. खडा वाळवून वजन केलंस हे तर फारच छान. ओला खडा ठेवला असतास तर सगळा हिशोब फसला असता.

आता तो हंडा. विरघळलेली तुरटी ६४.२ − ६३.३ = ०.९ ग्रॅम. मोल: ०.९ ÷ ४७४ = ०.००१९. प्रत्येक सूत्रात ॲल्युमिनिअम एकच, म्हणून ॲल्युमिनिअमचेही ०.००१९ मोल, म्हणजे १.१४ × १०^२१ अणू. वजनात ०.००१९ × २७ = ०.०५१ ग्रॅम, ५१ मिलिग्रॅम. १५ लिटरमध्ये वाटले तर लिटरला ३.४ मिलिग्रॅम. (०.९ मध्ये एकच सार्थ अंक आहे, तेव्हा हे आकडे अंदाजाचे धर.)

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, ॲल्युमिनिअमची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.२ पर्यंत चालते. ३.४ हा आकडा बघून घाबरू नकोस, पण दुर्लक्षही करू नकोस. पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटशी संयोग होऊन या ॲल्युमिनिअमचा बहुतेक भाग ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड होतो. एका ॲल्युमिनिअमला तीन बायकार्बोनेट लागतात, म्हणजे तुझ्या हंड्यात ०.००५७ मोल. विहिरीच्या पाण्यात सहसा यापेक्षा पुष्कळ जास्त असतं. तयार होणारं हायड्रॉक्साइड ०.००१९ × ७८ = ०.१५ ग्रॅम. चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच, पण ते जेलीसारखं विरळ पसरतं आणि मातीचे कण आपल्यात गुंतवून हळूहळू तळाला नेतं. सकाळी हंड्याच्या बुडाशी जो मऊ, करडा साका दिसतो, त्यात गाळाबरोबर तुरटीतलं ॲल्युमिनिअमही असतं. सल्फेट आणि पोटॅशिअम मात्र वरच्या पाण्यातच राहतात, पण इतक्या थोड्या प्रमाणात त्यांची काळजी नाही.

म्हणून आजीला दोनच गोष्टी सांग, आणि तिला त्या बहुधा आधीच माहीत असतील. हंडा रात्रभर हलवायचा नाही आणि सकाळी वरचं निवळ पाणी सावकाश दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं, तळचे दोन बोटं पाणी फेकून द्यायचं. ढवळलेलं पाणी तसंच प्यायलं तर साक्यातलं ॲल्युमिनिअम पोटात जातं. आणि निवळलेलं पाणी उकळायचंच, कारण तुरटीने गाळ बसतो, रोगजंतूंची खात्री त्याने होत नाही.

एक आकडा राहिला. हंड्यातलं १५ लिटर पाणी म्हणजे १५,००० ÷ १८ = ८३३ मोल. त्याला ॲल्युमिनिअमच्या ०.००१९ मोलांनी भाग. एका ॲल्युमिनिअममागे पाण्याचे जवळजवळ ४ लाख ४० हजार रेणू येतात. एवढ्या विरळ मिश्रणातही गढूळ पाणी निवळतं, कारण मातीच्या बारीक कणांवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात, आणि ॲल्युमिनिअमच्या आयनावर तीन धन प्रभार असतात. मिठातल्या सोडिअमवर एकच असतो, म्हणून मीठ टाकून हंडा असा निवळत नाही. पुढच्या वेळी आजी तुरटी फिरवेल तेव्हा शेजारी काचेचे दोन ग्लास भरून ठेव, एकात तुरटीची चिमूट आणि दुसऱ्यात मिठाची, आणि दोन तासांनी काय दिसतं ते मला कळव.